उशिराचं खरं कारण

बाईंची पिशवी भर रस्त्यात ओरडायला लागली.

आधी ती नुसती खरखरली होती. बाईंना वाटलं, डब्यात चमचा हलत असेल. पण मग आतून अशी काही घणघण सुरू झाली की समोरच्या कठड्यावरची कबुतरं उडाली आणि सायकलवरून चाललेले एक आजोबा खाली उतरून बघायला लागले. बाईंनी घाईघाईने पिशवी उघडली. वह्यांचा गठ्ठा, छत्री, डबा... आणि सगळ्यांच्या तळाशी गजराचं एक जुनं घड्याळ. त्यांनी वरचं बटण दाबलं. आवाज वाढला.

"पाठीवर... पाठीवर बघा, डावीकडे," कोणीतरी म्हणालं.

बाजूच्या घड्याळाच्या दुकानाच्या दारात एक उंच माणूस उभा होता. डोळ्याला लावायचं भिंग त्याने कपाळावर सरकवलं होतं.

"सापडत नाहीये," बाई म्हणाल्या.

"द्या इकडे. म्हणजे... चालणार असेल तर."

"चालणार काय विचारताय? घ्या लवकर."

त्याने तान्हं मूल घ्यावं तसं घड्याळ दोन्ही हातांत घेतलं, पाठीवर अंगठा ठेवला, आणि ते निमूट गप्प झालं. मग त्याने ते उलटं करून पाहिलं आणि तो हसला.

"आमचंच आहे. म्हणजे यंदाही सुरू झालं म्हणायचं."

"काय सुरू झालं?"

"तुम्ही शाळेत नवीन दिसता."

बाई नवीनच होत्या. गणित शिकवायच्या, आणि शेवटच्या वर्गाच्या वर्गशिक्षिका होत्या. आजच्या तासाला कोणाच्या तरी दप्तरात हे घड्याळ वाजलं म्हणून त्यांनी ते जप्त केलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

आता ही भानगड काय होती ते सांगायला हवं. त्या शाळेतून बाहेर पडणारा वर्ग जाता जाता काही खोड्या करून जायचा. खोड्याच त्या, पण त्यांना नियम होते, आणि मुलं ते नियम अभ्यासापेक्षा जास्त मन लावून पाळायची. एक दिवस सगळा वर्ग फाटकापासून बाकापर्यंत उलटा चालत येई. एक दिवस प्रत्येक शिक्षकाशी त्याच्याच लकबीत बोलायचं. त्या दिवशी भूगोलाच्या सरांना दर वाक्याला 'कळलं का, कळलं का' ऐकून घ्यावं लागे. आणि शेवटचे काही आठवडे वर्गात गजराची घड्याळं लपवली जात. दुरुस्तीला आलेली आणि कोणी न्यायलाच न आलेली घड्याळं त्या दुकानातून उसनी मिळत. ज्या शिक्षकाच्या तासाला घड्याळ वाजेल त्याने ते शोधायचं, मुलांनी चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही, आणि शेवटी शिक्षकाने स्वतः जाऊन ते दुकानात परत करायचं.

बाकीचे शिक्षक 'बाई, तुम्ही त्याच रस्त्याने जाता ना' म्हणून घड्याळ दुसऱ्याच्या गळ्यात मारत. पण बाई नियमाच्या पक्क्या. मुलांनी त्यांचं नाव मिनिटबाई ठेवलं होतं, कारण फळ्यावर पहिली रेघ उमटल्यानंतर जो दारात दिसेल तो उशिरा आला, मग तो धापा टाकत का असेना. अशाला त्या ओरडत नसत. शांतपणे म्हणत, "सबब नको. कारण सांग." आणि खरं कारण ऐकलं की आत घेत.

"घड्याळ मीच परत करायचं, असा नियम आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं.

वर्गातली एक चष्म्याची मुलगी उभी राहिली. कशावरही वाद घालायची म्हणून तिला सगळे वकील म्हणत. "आहे बाई. शिक्षकांनीच पाळला नाही तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

"बस खाली," बाई म्हणाल्या. पण तो नियम त्यांनी पाळला.

घड्याळ खडूच्या खोक्यात वाजलं. घड्याळ नकाशामागे वाजलं. एकदा तर त्यांच्याच खुर्चीच्या उशीखाली वाजलं आणि त्या जागच्या जागी अशा उडाल्या की वर्गाने ओठ चावून चावून कसंबसं हसू दाबलं. दर वेळी संध्याकाळी बाई पिशवी घेऊन दुकानात जात.

दुकान अगदी लहान होतं. तीन भिंतींवर घड्याळं, चौथीला दार. काचेच्या कपाटामागे घड्याळजी बसायचा. हातात चिमटा, समोर बशीत तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची आत्या लोकर विणत बसलेली असे. तिला कमी ऐकू येतं अशी समजूत होती. ती समजूत तिनेच पसरवली होती.

"एक विचारू?" एका संध्याकाळी बाई म्हणाल्या. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्यांच्या छत्रीचं पाणी उंबऱ्यावर टपटपत होतं. "तुमच्या दुकानातलं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत का नाही?"

"मुद्दाम ठेवलंय तसं. जुळली तर सगळी एकदम ठोके देतील. आत्या दचकते."

"मी नाही दचकत," आत्या लोकरीतून मान वर न काढता म्हणाली. "हाच दचकतो. लहानपणापासून."

घड्याळजीचे कान लाल झाले. बाईंना हसू आलं, ते त्यांनी छत्री मिटण्यात लपवलं.

"मग खरी वेळ कोणती, ते कसं कळतं तुम्हाला?"

"ते... सोपं आहे." त्याने चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. "तुम्ही दारात दिसलात की मी हे मधलं लावून घेतो. तुम्ही रोज ठरल्या वेळी येता ना."

"आणि मी आले नाही तर?"

"तर मागे पडेल," तो म्हणाला. "घड्याळ."

त्या दिवशी घरी जाताना बाई पाऊस थांबला तरी छत्री उघडीच धरून चालल्या.

असे दिवस गेले. बाईंना कळलं की त्याला बोलताना शब्द पटकन सापडत नाहीत, पण तो खोटा शब्द वापरत नाही. त्याला कळलं की बाई बेकरीच्या वरच्या खोलीत एकट्या राहतात, पहाटे पावाच्या वासाने त्यांना भूक लागते, झोप मात्र जात नाही. "झोप माझी फार गाढ," बाईंनी सांगितलं होतं. "घरात मला सगळे पोतं म्हणायचे." हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

आणि एक दिवस वर्गात काहीच वाजलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी खडूचं खोकं उगाच हलवून पाहिलं.

"बाई, संपली घड्याळं," वकील म्हणाली.

"बरं झालं. आता जरा शिकून होईल."

पण त्या असं म्हणाल्या तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. सुटतं ते फक्त गणित.

निरोपाच्या आदल्या दिवशी बाई घरी आल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. उद्या निरोप समारंभ, परवा सुट्टी. त्यांच्या बाबांनी गावाकडच्या शाळेत त्यांच्यासाठी बोलून ठेवलं होतं. 'इथे घरचं जेवण मिळेल, हो म्हण,' असा त्यांचा रोजचा फोन. नाही म्हणायला बाईंकडे काही कारण नव्हतं. म्हणजे होतं... पण ते तिकडून कोणी बोलल्याशिवाय कारण कसं म्हणायचं?

तेवढ्यात त्यांची नजर उशाशी स्टुलावर ठेवलेल्या घड्याळावर गेली. त्यांचं स्वतःचं घड्याळ. पिवळी पडलेली तबकडी, वाजण्याआधी म्हाताऱ्यासारखं दोनदा खोकणारं. नोकरी लागली तेव्हा बाबांनीच दिलेलं.

बाईंनी ते रुमालात गुंडाळलं आणि विचार करायच्या आत जिना उतरल्या.

"हे... फळ्यामागे सापडलं," दुकानात त्या म्हणाल्या. "शेवटचं असावं."

घड्याळजीने रुमाल सोडला. घड्याळ उलटं केलं. शिक्षक जसे वहीचं नाव न बघता अक्षर ओळखतात, तसा तो घड्याळं ओळखायचा, आणि हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याची बोटं क्षणभर थांबली. कोपऱ्यात आत्याच्या सुयाही थांबल्या.

"हो," तो म्हणाला. "आमचंच."

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"जरा तेल द्यायला हवं याला. ठेवून घेतो... उद्या येणार ना?"

"उद्या निरोप समारंभ आहे. परवापासून सुट्टी. मी गावी जाईन. बाबांनी तिकडच्या शाळेत विचारलंय. कदाचित... तिकडेच राहीन."

"कदाचित?"

"अजून ठरलं नाही."

"कशावरून ठरणार?"

बाईंनी काचेवर बोटाने एक रेघ ओढली आणि पुसली. "बघू," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या रस्त्यावर दिसेनाशा झाल्यावर आत्या म्हणाली, "तेल माणसांनाही द्यावं लागतं रे कधी कधी. जिभेला."

रात्री दिवा मालवल्यावर बाईंच्या लक्षात आलं की उशाशी घड्याळ नाही. पण त्यांना स्वतःवर भरवसा होता. एवढ्या वर्षांची सवय, जाग येईलच की आपली आपण. आणि त्या पोत्यासारख्या झोपल्या.

घड्याळजी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. पहाटे दुकानात काहीतरी दोनदा खोकलं आणि मग घणघणायला लागलं. तो दचकून उठला. आत्याचं म्हणणं खरंच होतं. त्या घड्याळाचा गजर लावलेला होता. नुसत्या निमित्ताला आणलेल्या घड्याळाला पहाटेचा गजर कोण लावेल? मग त्याला उलगडलं. हे तर रोज उठवणारं घड्याळ आहे. हे इथे वाजतंय, म्हणजे तिथे कोणीतरी झोपलेलं आहे.

तरी त्याने वाट पाहिली. त्यांच्याकडे दुसरं असेलही. आपण जाऊन दार ठोठावायचं म्हणजे... काय म्हणायचं? तो दुकान उघडून दारात उभा राहिला. शाळेची मुलं गेली. भूगोलाचे सर गेले. बाई जायची वेळ आली आणि सरली. मधल्या घड्याळाकडे त्याने पाहिलं, आणि मग घड्याळ बगलेत मारून तो धावत सुटला.

बेकरीच्या वर खिडक्या चार. कोणती बाईंची? हाक मारावी तर काय म्हणून? शेवटी त्याने रस्त्याच्या मधोमध उभं राहून घड्याळाचा काटा फिरवला आणि वाजतं घड्याळ डोक्यावर धरलं.

झोपेत बाईंनी दोनदा खोकल्याचा आवाज ऐकला आणि सवयीने हात लांब करून स्टुलावर आपटला. स्टूल रिकामं. पुन्हा आपटला. आवाज येतोय कुठून? खालच्या मजल्यावरून घरमालकीण काकू ओरडल्या, "अहो, काय विकताय? आम्हाला नकोय."

"विकत नाहीये," खालून उत्तर आलं. "उठवतोय."

बाई खिडकीत आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. खाली रस्त्यात तो हात वर करून उभा होता, दोन्ही हातांत घड्याळ.

"बाई," तो म्हणाला. "शाळा."

बाईंनी आयुष्यात एवढ्या लवकर कधी वेणी घातली नव्हती. दोघं धावतच निघाले. वाटेत कोणी काही बोललं नाही. बोलायला श्वास लागतो. एका वळणावर बाईंची चप्पल निघाली, ती त्याने उचलून दिली आणि त्या हसायला लागल्या. मग तोही.

फाटक मात्र बंद होतं.

शेवटच्या दिवशी फाटकाचा ताबा निरोप घेणाऱ्या वर्गाकडे असे. टेबल टाकून मुलं बसायची, आणि जो शिक्षक उशिरा येईल त्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं. खरं वाटलं तर हात वर करून आत घ्यायचं, नाहीतर सरांनी किंवा बाईंनी मैदानाला उलटं चालत फेरी मारायची. म्हणून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या दिवशी उजाडायच्या आधीच येऊन बसत. आणि आज उशिरा आलं होतं कोण, तर मिनिटबाई. मुलांना आपल्या नशिबावर विश्वास बसेना.

वकील चष्मा सारखा करत उभी राहिली. "बाई, उशीर झाला."

"माहीत आहे."

"कारण?"

"रस्त्यात... गर्दी होती."

"कोणाला खरं वाटतं?" एकही हात वर झाला नाही. "बाई, सबब नको. कारण सांगा."

बाईंनी श्वास घेतला. "घड्याळ वाजलं नाही."

"बिघडलंय?"

"नाही."

"किल्ली द्यायला विसरलात?"

"मी? काहीतरीच काय."

"मग?"

"घरात नव्हतं ते."

"कुठे होतं?"

घड्याळजीने हातातलं घड्याळ पाठीमागे नेलं, पण ते सगळ्या वर्गाने पाहून झालं होतं.

"यांच्या दुकानात," बाई म्हणाल्या. "मीच नेऊन दिलं. फळ्यामागे सापडलं असं सांगून."

"पण बाई, फळ्यामागे आम्ही काही ठेवलंच नव्हतं," मागून एकजण प्रामाणिकपणे म्हणाला. त्याला दोन कोपरं बसली.

"म्हणजे तुमचंच घड्याळ," वकीलचा आवाज आता हळू झाला होता, "तुम्ही त्यांना परत दिलं. का?"

फाटकाचे गज दोन्ही मुठींत धरून बाई उभ्या होत्या. मैदानामागच्या खिडकीत भूगोलाचे सर दिसत होते, त्यांच्यामागे मोठ्या बाई. पळून जायला जागा नव्हती. आणि या मुलांना त्यांनी वर्षभर एकच गोष्ट सांगितली होती.

"कारण तुमची घड्याळं संपली होती," त्या म्हणाल्या. "आणि मला दुकानात जायचं होतं. घड्याळासाठी नाही... यांच्यासाठी."

कोणी हसलं नाही. कोणी शिट्टीही वाजवली नाही. वकीलने नुसती मान वळवली. "घड्याळजी, तुम्ही साक्षीदार. तुम्हाला कळलं नव्हतं, ते घड्याळ कोणाचं?"

"कळलं होतं." तो थांबला. शब्द शोधत होता, आणि या वेळी त्याला सापडेपर्यंत सगळे थांबले. "लगेच कळलं होतं. पण... परत केलं असतं तर त्या घेऊन निघून गेल्या असत्या. माझ्याकडे राहिलं तर न्यायला यावं लागलं असतं. गावी गेल्या तरी... यावं लागलं असतं." मग तो मुलांशी न बोलता बाईंशी बोलला. "जाऊ नका ना. मला काल बोलता आलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे नाही, गजांतून मुलांकडे पाहिलं. सगळे हात वर होते. काहींनी दोन्ही केले होते. वरच्या खिडकीत भूगोलाच्या सरांचाही एक होता.

"खरं आहे," वकील म्हणाली आणि तिने कडी काढली.

नंतर वर्गात बाईंनी शेवटची हजेरी घेतली. त्या हजेरीला कोणी 'हजर' म्हणायचं नसतं. ज्याने वर्षभर जी सबब सांगितली असेल ती त्याने शेवटची सांगायची. "बाई, वही घरी राहिली." "बाई, पोटात दुखतंय." "बाई, पाणी पिऊन येऊ?" "बाई, सायकल पंक्चर." एकेक आवाज ऐकताना बाईंना एकेका मुलाचं आख्खं वर्ष दिसत होतं, आणि हसता हसता पट पुसट व्हायला लागला होता. शेवटच्या बाकावर गुडघे न मावणारा घड्याळजी बसला होता. मुलांनीच त्याला ओढून आणलं होतं.

पट मिटल्यावर बाई उभ्या राहिल्या. वर्गाला वाटलं, आता भाषण होणार.

"मला बोलता येत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुमचे आभार मानायचेत. मी एकटी असते तर हे कधीच बोलले नसते. आयुष्यभर नसते बोलले."

"एवढंच, बाई?"

"एवढंच. पण मनापासून आहे."

मग मात्र वर्गाने जो काही गोंगाट केला, तो मोठ्या बाईंनीही ऐकून न ऐकल्यासारखा केला.

त्या संध्याकाळी बाईंनी बाबांना फोन लावला आणि नाही म्हणायचं कारण सांगितलं. बाबांनी विचारलं, "घड्याळ दुरुस्त करतो? आपलं भिंतीवरचं कधीपासून बंद आहे. येताना घेऊनच ये त्याला."

दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती. रस्त्यावर ऊन पडलं होतं. बाई दुकानाच्या दारात आल्या. खांद्याला पिशवी नव्हती, रुमालात काही गुंडाळलेलं नव्हतं. घड्याळजी उठून उभा राहिला आणि स्क्रूंची बशी सांडली.

आत्याने सुया बाजूला ठेवल्या. बाईंच्या रिकाम्या हातांकडे तिने नीट पाहून घेतलं.

"आज काय सापडलं, पोरी?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "नुसतीच आले."

आत्या उठली, खुर्चीवरची लोकर उचलली आणि ती जागा बाईंना दिली.

"मग बस," ती म्हणाली. "हा खाली सांडलेलं वेचेपर्यंत वेळ लागणार आहे."